बोट थांबेपर्यंत

गेल्या वर्षी विनिता बोट कंपनीच्या परीक्षेत नापास झाली, तेव्हा तिथल्या साहेबांनी तिला एवढंच ऐकवलं होतं, "तुमचं इंग्रजी तुकड्या-तुकड्यांचं आहे. वाक्यं जोडायला शिका, मग या."

विनिता मांडव्याच्या धक्क्यावर एका खासगी बोट कंपनीच्या तिकीट खिडकीवर बसते. चार हंगाम झाले. तिला खिडकीतून उठून बोटीवर जायचं होतं, प्रवाशांना सूचना देणाऱ्या माइकपाशी. तिथं मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांतून बोलावं लागतं. पहिल्या दोन्हींत तिला कोणी हरवलं नसतं. इंग्रजीत मात्र ती म्हणाली होती, "बोट स्टॉप. यू सिट. नो स्टँड." आणि कंपनीचा नियम असा, की त्या जागेवर चाळिशीच्या आतलंच माणूस घेतात. विनिताला पौषात चाळीस पुरी होणार होती.

"यंदा नाय झालं ना मॅडम, तर त्या खिडकीतच म्हातारी होईन मी," माझ्याकडे नाव घालायला आली तेव्हा ती म्हणाली.

पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणून माझा वर्गही तेव्हाच भरतो. जूनपासून गणपती जाईपर्यंत, मारुतीच्या देवळामागच्या खोलीत, दुपारी तीन ते साडेचार. हायस्कुलातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, तेवढीच या वर्गाला. मुलं नाहीत, सगळी मोठी माणसं. यंदा सहाजणं होती, त्यातली तीन नेमानं यायची. एक विनिता. दुसरे काळूराम, जे पूर्वी धरमतरच्या खाडीत बार्जवर होते आणि आता धक्क्यावरून टमटम चालवतात. तिसऱ्या कृष्णाबाई, मुंबईच्या लोकांच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला असतात. बंगल्यावर गोरे पाहुणे येतात आणि "धिस व्हॉट, धिस व्हॉट" करत भांड्यांची झाकणं उघडतात, त्यांना उत्तर देता यावं एवढीच त्यांची इच्छा.

मिश्र वाक्य शिकवायला घेतलं त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, मुख्य वाक्य आणि गौण वाक्य. म्हटलं, मुख्य वाक्य एकटं उभं राहू शकतं. गौण वाक्य कधी, का, कुठे, कशामुळे ते सांगतं, पण एकटं सोडलं तर अर्धवट वाटतं. 'जेव्हा बोट थांबेल' एवढंच म्हणून कोणी गप्प बसलं, तर ऐकणारा विचारणारच, मग काय?

काळूराम लगेच म्हणाले, "म्हणजे बार्ज, बाई. बिनइंजिनाची. माल चिक्कार, पण टगबोटीनं ओढल्याशिवाय जागची हलत नाय."

इतकी सोपी व्याख्या माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्या दिवसापासून आमच्या वर्गात मुख्य वाक्याला टग आणि गौण वाक्याला बार्ज हेच शब्द चालू झाले.

जोडायला विनिता पटकन शिकली. अडचण वेगळीच निघाली. ती जास्तच जोडायला लागली. "व्हेन टुरिस्ट कम्स, दॅट टाइम आय गिव्ह टिकिट." "ऑल्दो इट इज रेनिंग, बट बोट इज गोइंग."

"विनिता, एक काढ," मी म्हणायची.

"कुठलं मॅडम?"

"दुसरं. मराठी वाक्यांना दोन्ही हातांनी धरते. जेव्हा आणि तेव्हा, जरी आणि तरी, जर आणि तर. इंग्रजी एकाच हातानं धरते. व्हेन म्हटलंस ना, मग तेव्हा म्हणायचं नाही. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं."

"कंजूष भाषा हाय," कृष्णाबाई म्हणाल्या.

श्रावण लागेपर्यंत 'दॅट टाइम' गेला, 'बट'ही गेला. मला वाटलं, झालं. पण परीक्षेत विचारतात ते वाक्य तर अनटिलचं होतं. बोट पूर्ण थांबेस्तोवर जागेवरून उठू नका. आणि विनिता दर वेळी म्हणायची, "डू नॉट स्टँड अनटिल द बोट डझ नॉट स्टॉप."

"डझ नॉट काढ," मी सांगायची.

"काढला तर 'बोट थांबते तोपर्यंत उठू नका' असं होतं ना मॅडम. कानाला कसंतरीच लागतं."

काळूराम खिडकीशी बसून हसायचे. "अगं, तू म्हणतेस त्याचा अर्थ, बोट चालू होईपर्यंत बसा. म्हणजे चालू झाली की उठा, नि थांबली की परत बसा! लोकं कवायत करतील बोटीवर."

"तुम्ही गप्प बसा हो काका. तुमच्या टमटममध्ये बसायला जागा तरी असते का?"

सगळे हसले. विनिताही हसली, पण मग वहीत मान घालून तेच वाक्य पुन्हा लिहायला लागली. मी नियम सांगितला, दोनदा सांगितला, दहा उदाहरणं लिहून दिली. ती पाठ करायची, आणि दुसऱ्या दिवशी तो 'नॉट' पुन्हा तिथंच येऊन बसलेला. गौरी-गणपती आठवड्यावर आले. परीक्षा त्यानंतरच्या गुरुवारी होती.

माझे चातुर्मासाचे नियम असतात. फार मोठे नाहीत, झेपतील एवढेच. यंदा संध्याकाळच्या दिव्याआधी चहा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. कृष्णाबाई मात्र बंगल्यावरून येताना किटली घेऊन यायच्या, आणि मला चिडवल्याशिवाय त्यांचा चहा कोणाच्या घशाखाली उतरायचा नाही. त्या दिवशीही त्यांनी माझ्यासमोर कप धरला. विनिता म्हणाली, "कृष्णाबाई, रोज काय विचारता? मॅडमचा नेम आहे ना."

"ठाव हाय गो बाय मला. बाई दिवा लागंपर्यंत च्या घेत न्हाय. पर वासानं मोडतो काय बघते ना मी."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

"काय म्हणालात कृष्णाबाई?"

"न्हाय वो, मस्करी केली," त्या बिचाऱ्या घाबरल्या.

"नाही, नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणा. तसंच्या तसं."

"दिवा लागंपर्यंत च्या घेत न्हाय."

मी ते फळ्यावर लिहिलं. त्याखाली, विनिताच्या मनात असणार ते लिहिलं, 'जोपर्यंत दिवा लागत नाही तोपर्यंत चहा घेत नाही.' मग विचारलं, "खालच्या वाक्यात 'नाही' किती?"

"दोन," विनिता म्हणाली.

"आणि कृष्णाबाईंच्या?"

"एक." ती थांबली. फळ्याकडे बघत राहिली. "दिव्यापाशी 'नाही' नाहीच आहे."

"दिवा तर लागणारच आहे. 'नाही' फक्त चहाला."

"बोट थांबेपर्यंत उठू नका," ती हळूच म्हणाली, जणू चाखूनच बघितलं. "'नाही' फक्त उठण्याला. बोट तर थांबणारच आहे. डू नॉट स्टँड अनटिल द बोट स्टॉप्स." आणि मग मोठ्यानं, "अनटिल द बोट स्टॉप्स! मॅडम, हे आधी का नाही सांगितलं?"

खरं सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं. अकरा वर्षं, आणि त्याआधी हायस्कुलातली सगळी वर्षं, मी अनटिलचा अर्थ 'जोपर्यंत-तोपर्यंत' असा लिहून देत आले होते. तो 'जोपर्यंत' आपल्याबरोबर एक 'नाही' ओढून आणतो, आणि माझी मुलं तो इमानानं इंग्रजीत उतरवत होती. चूक मुलांची म्हणून मी लाल शाईनं खोडत होते. तो 'नाही' मीच दिला होता. मनातल्या मनात त्या सगळ्यांना हात जोडले.

"म्हंजे माजी मराठी इंग्रजांना चालते?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"तुमचीच चालते. माझी नाही."

त्यांनी सगळ्यांना अर्धा-अर्धा कप जास्त चहा ओतला.

गुरुवारी विनितानं मला बरोबर यायला सांगितलं. आम्ही काळूरामांच्या टमटमनं धक्क्यावर पोहोचलो. हंगाम नुकता सुरू झाला होता, बोटींना नवा रंग दिलेला, समुद्र अजून मातकट. परीक्षा घेणारे प्रज्योत म्हणून नवे व्यवस्थापक होते, पस्तिशीचे, घाईतले, पण माणूस सरळ वाटला. त्यांनी विनितापुढे प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड ठेवलं.

"सूचना यावर आहेत. इंग्रजीची ओळ वाचून दाखवा."

विनितानं कार्ड उचललं आणि तिचा चेहरा बदलला. मी शेजारीच बसले होते, मलाही दिसलं. कार्डावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'डू नॉट लीव्ह युवर सीट अनटिल द बोट डझ नॉट स्टॉप.'

जिच्या तोंडून तो शब्द काढायला आम्ही सगळा श्रावण घालवला, तिच्या हातात आता तोच छापून दिलेला. ती जसंच्या तसं वाचून, पास होऊन घरी गेली असती, तरी मी समजून घेतलं असतं. मी काही बोलणार नव्हते.

विनितानं घसा साफ केला. "डू नॉट लीव्ह युवर सीट अनटिल द बोट स्टॉप्स."

प्रज्योत साहेबांनी मान वर केली. "दोन शब्द गाळलेत तुम्ही. पुन्हा वाचा."

"गाळले नाहीत सर. ते तिथं नकोच आहेत."

"अहो, हे कार्ड मी यायच्या आधीपासून आहे. आजवर कोणी काही बोललं नाही."

"इंग्रजी येणारे मनात हसले असतील सर. आपल्याला कशाला सांगतील?"

मी डोळे मिटले. हे आता फार झालं, असं वाटलं. पण विनिताच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. खिडकीतून सुट्टे पैसे परत देताना बोलते, तसा तिचा नेहमीचा स्वच्छ आवाज होता तो.

"सर, तुम्ही मराठीत सांगा ना. बोट थांबेपर्यंत उठू नका. यात 'नाही' कुठं आहे?"

"उठू नका, त्यात."

"ते डू नॉटमध्ये आलं. आता थांबेपर्यंतमध्ये 'नाही' दाखवा."

साहेब ओठातल्या ओठात म्हणाले, "थांबे... पर्यंत." एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा बाहेर बोटीकडे. मग खिशातलं पेन काढून प्लास्टिकवरूनच त्या दोन शब्दांवर रेघ मारली. रेघ उमटली नाही, तेव्हा स्वतःशीच हसले.

"वाक्य बरोबर आहे. ते झालं," ते म्हणाले. "पण मला वाक्य बोलणारं माणूस नकोय, लोकांना बसवणारं हवंय. ही बोट आता गेटवेला निघते. शेवटची सूचना तुम्ही द्या. लोक बसले तर जागा तुमची. उठले तर खिडकी आहेच."

मी माझं तिकीट काढलं आणि साहेबांच्या मागून वर जाऊन बसले. बोट निम्मीअधिक भरलेली. पुढे एक गुजराती कुटुंब डबे उघडून बसलेलं, मागे टोप्या घातलेलं एक गोरं जोडपं, मधे आमचीच मंडळी, पिशव्या, फणसाच्या पोळ्या, ओल्या नारळांची पोती. विनिता पुढे माइकपाशी उभी होती, कपड्यावर तिकीट खिडकीचाच बिल्ला. सगळा वेळ ती एकदाही माझ्याकडे वळली नाही.

गेटवेचा दगड स्पष्ट दिसायला लागला तशी तिनं सूचना दिली. मराठीत, हिंदीत, मग इंग्रजीत. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. मला अभिमान वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी सगळी बोट उठली. अगदी सगळी. पोती खांद्यावर, डबे काखेत, गोरं जोडपं सगळ्यांचं बघून उभं. दाराशी प्रज्योत साहेबांनी घड्याळात बघितलं.

विनितानं माइक पुन्हा तोंडाशी नेला. तिच्या हातात आता कार्ड नव्हतं.

"इफ यू डोन्ट सिट नाऊ," ती सावकाश म्हणाली, "यू विल सिट ऑन अ स्ट्रेंजर व्हेन द बोट टचेस द जेट्टी."

एक टग आणि दोन बार्ज. इफ आहे पण देन नाही, व्हेन आहे पण दॅट टाइम नाही. हे वाक्य तिला मी शिकवलेलं नव्हतं, कोणीच शिकवलेलं नव्हतं.

आधी गोरी बाई हसली. तिनं नवऱ्याला बाही धरून खाली ओढलं. तोवर विनिता मराठीवर आली होती, "आता नाही बसलात, तर बोट धक्क्याला लागल्यावर दुसऱ्याच्या मांडीवर बसाल. मग माझ्याकडे तक्रार करायची नाही!" गुजराती आजोबा खो खो हसत बसले, त्यांच्यामागे त्यांचं घर बसलं, नारळाची पोती खाली आली. रांगेमागून रांग बसत गेली.

"मॅडम," माइकवरून आवाज आला, "तुम्हीसुद्धा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पिशवी खांद्याला लावून मीही उभीच होते. सगळी बोट माझ्याकडे बघून हसली. मी बसले. लगेच बोटीनं धक्क्याला अंग घासलं, मोठा हिसका बसला, आणि एकही माणूस कोणाच्या मांडीवर गेलं नाही.

उतरताना प्रज्योत साहेब विनिताला म्हणाले, "ते मांडीचं वाक्य कार्डावर नाही."

"नाही सर."

"परतीच्या फेरीलाही म्हणा. आणि खिडकीची चावी मांडव्याला गेल्यावर क्रांतीकडे देऊन टाका, तिकिटं आता ती देईल."