दुसरा ब्रेक

"नातवासाठी का, काकू?"

दुकानदाराने हे विचारलं, तेव्हाच मी उठून यायला हवं होतं. मला नातू नाही. एक लेक आहे, ती दुसऱ्या गावी नोकरी करते आणि लग्नाचा विषय काढला की फोनची रेंज जाते. गेमिंगचा कॉम्प्युटर मला हवा होता, माझ्यासाठी. मी तसं स्पष्ट सांगितलं. तो हसला आणि खुर्ची वळवून माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मास्तर, बजेट किती धरायचं?"

बजेट माझं होतं! अख्खं आयुष्य हॉस्पिटलात सलाइनच्या बाटल्या टांगून जमवलेल्या फंडातलं. पण विचारलं कुणाला, तर मास्तरांना. कारण मास्तरांना सगळं गाव ओळखतं. आमच्या ह्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. डॉक्टरीणबाई, बँकेतल्या बाई, दूधवाल्याच्या दोन्ही सुना, सगळ्यांना गाडी ह्यांनी शिकवली. हा दुकानदारही ह्यांच्याच हाताखालचा. एकट्या बायकोला तेवढी येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी राहतो.

आता कुणी म्हणेल, मग शिकायचं होतं. शिकायला बसले होते की! लग्न नवं होतं. स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, शिकणाऱ्याने घोळ घातला तर गाडी थांबवायला. मी क्लच सोडला की ह्यांचा ब्रेक. वळण आलं की ब्रेक. समोरून कुत्रं नुसतं जांभई देताना दिसलं तरी ब्रेक. गाडी दर वेळी आचका देऊन बंद पडायची, आणि घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगायचे, "तिला जमत नाही." जमत नाही! पुढे मी गुपचूप दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घालायला गेले. तिथला मालक ह्यांचाच चेला. मी समोर बसलेली असताना त्याने फोन लावला, "मास्तर, काकू इकडे आल्यात. परत पाठवू का?" त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

मग गेल्या सुट्टीत लेकीकडे गेले. तिच्या टेबलाला स्टिअरिंग जोडलेलं, खाली पेडल, समोर पडद्यावर घाटाचा रस्ता. "बस आई," ती म्हणाली. बसले. दोन वळणं घेतली आणि माझ्या लक्षात आलं, शेजारी कुणीच नाही. इतकी साधी गोष्ट, पण माझे डोळे भरून आले. घरी येताना ठरवलं, हेच यंत्र आपल्याकडे हवं.

लेकीने फोनवर शिकवलं, मी पाठ केलं. औषधांची नावं घोकलेल्या बाईला हे काय अवघड? प्रोसेसर आणि मदरबोर्ड रक्तगटासारखे जुळवून घ्यायचे. प्रोसेसर मधल्यातला चालेल. मेमरी भरपूर नको, पुरेशी हवी. "पण ग्राफिक्स कार्डाला हात आखडू नकोस," ती म्हणाली. "समोरचा रस्ता ते काढतं. ते दुबळं असलं की चित्र अडखळतं. तू स्टिअरिंग फिरवशील आणि रस्ता मागाहून वळेल."

अडखळणाऱ्या गाडीत मी एकदा बसलेली होते. पुन्हा बसायचं नव्हतं.

तर त्या दुकानात मी एकेक वस्तू सांगत गेले. हे सगळं आत बसवायचा काचेचा कॅबिनेट दुकानदाराने पुढे सरकवला. बटण दाबलं की आतले पंखे हिरवे, जांभळे, गुलाबी होत होते.

"हा घ्या मास्तर. सध्या सगळे हाच नेतात."

"छान दिसतोय," हे म्हणाले.

"मला गाडी चालवायची आहे, रोषणाई करायची नाही," मी म्हणाले. "साधा द्या. जाळीचा. हवा खेळली पाहिजे."

मग त्याने बिननावाचा पॉवर सप्लाय काढला. हे म्हणाले, चालेल की, आत कोण बघतंय! ऑपरेशन अर्धं झालेलं असताना वीज डगमगली की काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. तोही मी बदलून घेतला. शेवटी दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, स्टिअरिंग, त्याबरोबरची पेडल. मला हवं ते सगळं ठरलं, पैसे भरले. वस्तू गोदामातून दुसऱ्या दिवशी येणार होत्या. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट अशी निमूट पार पडतेय, याचंच मला नवल वाटत होतं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांचं ड्रेसिंग करायला मी गेले, तेवढ्यात मास्तर सामान घेऊन आलेसुद्धा. जोडणी करायला दुकानातला माणूस संध्याकाळी येणार होता. परत आल्यावर मी खोकी उघडायला बसले. कार्डाचं खोकं हातात घेतलं तर हलकं. वरचा नंबर वेगळा. आत एकच पंखा. आणि टेबलाखाली एक खोकं जास्तीचं.

"अहो, हे काय आहे?"

"पेडल. दुसरा सेट," मास्तर उत्साहाने म्हणाले. "माझ्या बाजूला बसवू. दुकानदार म्हणाला, एका कॉम्प्युटरला दोन जोडता येतात."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? अगं, शिकणाऱ्याच्या शेजारी ब्रेक नको का?"

"गेममध्ये? मी कुणाला उडवणार आहे, अहो?"

"सवय चांगली लागते."

"आणि माझं कार्ड?"

"ते खालच्या नंबरचं घेतलं म्हणजे तेवढ्याच पैशांत बसलं. फरक कळत नाही म्हणाला तो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट याचं वाटलं की ह्या माणसाच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. चेहरा अगदी कौतुकाचा. बायकोच्या पायाखालचा रस्ता काढून घेतला, त्याच्या बदल्यात स्वतःला ब्रेक आणला, आणि वर मी शाबासकी द्यावी म्हणून उभे!

"हा ब्रेक तुम्हाला लागतो," मी म्हणाले. "मला नाही. मला कधीच लागला नव्हता. गाडी मी बंद पाडत नव्हते, तुम्ही पाडत होतात. आणि घरी येऊन सांगत होतात की हिला जमत नाही. मी ते खरं मानून बसले, अहो. इतकी वर्षं! लोकांच्या शिरेत अंधारात सुई बरोबर घालणारी बाई मी, आणि मला गाडी जमणार नाही हे मी खरं मानलं!"

उत्तरासाठी मी थांबले नाही. दोन्ही खोकी पिशवीत घातली आणि सरळ दुकान गाठलं.

दुकानदाराने सवयीने आधी माझ्या मागे पाहिलं, मास्तर आहेत का. मग मोबाइल उचलला. "काकू, एकदा मास्तरांना विचारून घेतो."

तोच फोन. तोच कानाला लावायचा थाट. ह्या सगळ्यांना एकाच साच्यातून काढलंय की काय!

"लाव फोन," मी म्हणाले. "पण विचारू नकोस, सांग. म्हणावं, काकूंनी स्वतःच्या पैशांचं कार्ड परत घेतलंय. आणि पेडल ठेवून घे, मास्तरांचे बरेच चेले आहेत, कुणीतरी नेईल."

आणखी दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. त्याने फोन खाली ठेवला आणि फळीवरून दोन पंख्यांचं कार्ड काढलं.

संध्याकाळी जोडणी झाली. माणूस गेल्यावर मी खुर्ची पुढे ओढली, माझ्या पायांना पोचेल इतकी. मास्तर दाराशी घुटमळले, मग स्टूल आणून शेजारी बसले. कुठल्या बाजूला, ते सांगायला नको.

घाटाचा रस्ता उघडला. गुळगुळीत, कुठे अडखळणं नाही. मी स्टिअरिंग हलवलं की रस्ता त्याच क्षणी वळत होता. पहिलं वळण मी फार जोरात घेतलं आणि गाडी जाऊन कठड्यावर आदळली. काच तडकली, पुढचा दिवा लोंबू लागला.

"बघ, म्हणून मी म्हणत होतो..."

"आपटली," मी म्हणाले. "माझी मी आपटली. आता माझी मीच काढते."

रिव्हर्स टाकला. चाकं घसरली, मग त्यांनी पकड घेतली, गाडी रस्त्यावर आली. दुसरं वळण पहिल्यापेक्षा अवघड होतं, एका बाजूला नुसती दरी. मी वेग थोडा कमी केला, मला हवा तेवढाच, आणि स्टिअरिंग फिरवलं.

शेजारी मास्तरांचा पाय फरशीवर जोरात आपटला.

गाडी थांबली नाही.