चिपट्यावरचा आळ

मी एक जुने पितळी चिपटे आहे. मित्रांनो, माझ्यासारखी चार चिपटी भरली की एक शेर होतो. कासाराने मला ठोकून घडवले आणि लग्नाच्या भांड्यांबरोबर मी फणसवाडीत, बकुळाबाईंच्या घरी आले.

तीस वर्षे त्यांच्या नानकटाईचे माप मीच होते. दिवाळीला वाडीतल्या बायका सामान घेऊन बेकरीत जात आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून आणत. बकुळाबाईंची नानकटाई ओठांनीसुद्धा फुटायची. त्या मैदा दोनदा चाळत, अलगद माझ्यात सोडत आणि उलथन्याने काठाशी सारखा करत. चार चिपटी मैदा, दोन चिपटी पिठीसाखर, एक चिपटे तूप. बायका त्यांच्या हाताचे कौतुक करत, आपले सामानही त्यांच्याकडूनच मापून नेत आणि त्या मला चिंच लावून लखलखीत ठेवत. मी अगदी फुशारून जाई.

मग किलो-ग्रॅम आले. साठ साली आपले राज्य होणार म्हणून एक मेला घरोघर नानकटाई वाटायचे वाडीने ठरवले. एवढ्या मोठ्या कामाचे सामान बेकरीवाला वजनानेच मागत होता. बकुळाबाईंची सून ललिता कचेरीत नोकरीला होती, नवी वजने तिला पाठ होती, म्हणून बायकांनी हे काम तिच्यावर सोपवले. नवी सून हरखून गेली. बकुळाबाईंना मात्र ते फार लागले.

ललिताने वाण्याकडून तराजू मागून आणला. "तुम्ही नेहमीसारखं भरा, सासूबाई. मी वजन लिहून घेते," ती म्हणाली आणि वजने निवडायला वळली.

त्या दिवशी बकुळाबाईंनी मैदा चाळला नाही. मला ओट्यावर दोनदा आपटले आणि अंगठ्याने मैदा दाबून दाबून भरला. माझ्यात सव्वाशे ग्रॅम मैदा मावतो. त्या दिवशी एकशे साठ भरला. ललिताने विश्वासाने तोच आकडा लिहिला आणि सगळ्या वाडीचे सामान त्यावरून काढले.

मैदा वाढला, तूप-साखर तेवढीच राहिली आणि नानकटाई दगडासारखी झाली. म्हाताऱ्यांनी ती चहात बुडवून पाहिली, तरी फुटेना. ललिता मान खाली घालून उभी होती. मला वाटले, आता तरी बकुळाबाई खरे बोलतील. त्यांनी सगळ्यांसमोर मला उचलले.

"हे चिपटंच खोटं आहे," त्या म्हणाल्या.

तीस वर्षे ज्या हातात वावरले, त्याच हाताने माझा घात केला. मला माळ्यावर पालथे टाकले आणि नानकटाईचे काम पुन्हा बकुळाबाईंकडे गेले.

दिवाळीत, ललिता कचेरीत असताना, त्यांनी मला गुपचूप खाली काढले. मैदा दोनदा चाळला, अलगद भरला. नानकटाई अशी झाली की वाडी खूश. कशाने मापलीत, असे बायकांनी विचारले, तेव्हा अंदाजाने घातले म्हणाल्या.

संध्याकाळी ललिता डबा काढायला माळ्यावर चढली. माझ्या काठाला ताजा मैदा होता. तिने त्यावरून बोट फिरवले आणि बराच वेळ बोटाकडे पाहत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

"सासूबाई, हे वर ठेवण्याआधी पुसत जा," ती हळूच म्हणाली. ललिताने मला पुन्हा पालथे ठेवले.

मित्रांनो, नवी वजने घ्या, मला मोडीत घाला, माझी तक्रार नाही. पण त्याआधी एकदा कोणीतरी माझ्यात काठोकाठ पाणी भरून ते मोजा, पाणी काही दाबून भरता येत नाही, आणि किती भरले ते वाडीत सगळ्यांना सांगा.