डावा ब्रेक मऊ

माझ्या भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. ती पायलट झाली तेव्हा मी म्हटलं, चला, नावाचं सार्थक झालं. त्यानंतर दोन वर्षं ती घरात एका जागी बसूनच होती.

परवाना होता, दोनशे तासांचं उड्डाणही होतं. पण ज्या कंपनीत जावं ती म्हणायची, हजार तास झाले की या. हजार तास करायचे तर कुणीतरी विमान हातात द्यायला हवं, आणि विमान हातात यायचं तर हजार तास हवेत. घोडं पेंड खात होतं ते इथंच. त्यात परवाना म्हणजे काही पदवीचा कागद नव्हे. उड्डाणं होत राहिली नाहीत तर तोही निकामी होतो. माझी ताई, म्हणजे तिची आई, दर रविवारी लेकीच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायची. तो शर्ट घालून भिंगरी कुठेही गेलेली नव्हती, पण ताईचा रविवार चुकला नाही.

आणि मग माझ्या जुन्या मालकाचं पत्र आलं. मालकाकडे सामान वाहणारी तीन छोटी विमानं आहेत, आणि या धंद्यात त्याचं नाव घेतलं की लोक हसतात किंवा विषय बदलतात. पगार रखडतो, विमानं म्हातारी, माणूस वर्षभर टिकत नाही. भिंगरी पत्र घेऊन माझ्याकडे आली, कारण मी त्याच्याकडे अकरा वर्षं मिस्त्री होतो आणि आठ वर्षांपूर्वी कुणाला काही न सांगता ती नोकरी सोडली होती. आता मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पंप बिघडला तरी जमिनीवरच बिघडतो, एवढं सुख आहे.

मी म्हटलं, जाऊ नकोस. तिने विचारलं, का? मी म्हटलं, विमानं जुनी आहेत. ती म्हणाली, नीट निगा राखली तर जुनं विमान नव्यापेक्षा शहाणं असतं, हे तूच शिकवलंस. मी म्हटलं, पगार वेळेवर मिळत नाही. ती म्हणाली, सध्या तर अवेळीही मिळत नाही. शेवटी मी वैतागून म्हटलं की तिथली माणसं बरी नाहीत. त्यावर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या माणसांत मीही होतो ना, हे तिला बोलून दाखवायची गरज पडली नाही.

ताई भाजी निवडत ऐकत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुला काही माहीत असेल तर सांग. नाहीतर पोरीला अडवू नकोस."

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं की मीही तिच्याबरोबर येतो, समक्ष बघू.

मालक स्वतः हँगरच्या दारापर्यंत आला. त्याचे गुडघे गेलेत, तरी आला. त्याने माझ्यासाठी चहा मागवला तो माझ्याच जुन्या, कान तुटलेल्या कपात. आठ वर्षं तो कप खिळ्याला तसाच लटकत होता. माणूस सरळसरळ वाईट असता तर किती सोपं झालं असतं. ज्या पायलटना कुणी दारात उभं करत नाही त्यांना तो विमान देतो, हेही खरंच आहे.

भिंगरी विमानात चढली आणि डाव्या खुर्चीत बसली. तिचे हात न शोधता जिथल्या तिथे गेले. दोन वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता, आणि तो पाहून मला आनंद व्हायला हवा होता.

तिने बिघाडाची वही उघडली. प्रत्येक विमानात अशी वही असते. पायलटने तिच्यात बिघाड लिहिला की मिस्त्रीने तो दुरुस्त करून सही करेपर्यंत विमान हलत नाही. ही वही कोरी होती. चार महिन्यांत एक ओळ नाही. एवढ्या म्हाताऱ्या विमानाला साधी सर्दीही झाली नव्हती. भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या आणि काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. दोन चिठ्ठ्या तिच्या मांडीवर पडल्या. एकीवर होतं, रेडिओ खरखरतो. दुसरीवर, दार दोनदा ओढा.

मालक हसला. "ही तुझ्या मामाची पद्धत. वहीत लिहिलं की विमान उभं राहतं. चिठ्ठी लावली की मिस्त्री सवडीने बघतो, आणि काम झालं की चिठ्ठी काढून टाकतो. असा डोकेबाज माणूस मला पुन्हा मिळाला नाही."

तो हे मनापासून, कौतुकाने बोलत होता. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

भिंगरीने त्याला शांतपणे सांगितलं की ती आली तर बिघाड वहीतच लिहील. मालक रागावला नाही. लिही की, म्हणाला, विमान उभं राहील आणि त्याच्याबरोबर तूही उभी राहशील. मग म्हणाला की सोमवारी ये.

बाहेर भिंतीला लागून एक बाक आहे. तिथे बसल्यावर ती म्हणाली की ती हो म्हणणार आहे. दुसऱ्यांनी काहीही करावं, ती वहीत लिहील आणि हजार तास झाले की बाहेर पडेल. तिचं ठरलं होतं. झाकली मूठ आणखी किती दिवस झाकणार? मी पाकिटातून एक कागद काढून तिच्या हातात दिला. घडीवर तो फाटायला आला होता. त्यावर चार शब्द होते: डावा ब्रेक मऊ. बघा.

मी तिला सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी मी सकाळच्या पायलटने लावलेली ही चिठ्ठी झडपेतून काढली, डांगरीच्या खिशात टाकली आणि ब्रेकचे सुटे भाग आणायला गुदामात गेलो. तेवढ्यात माल लवकर आला. माल घेऊन जाणार होते ते आमचे जुने कॅप्टन, त्यांनी झडप पाहिली. चिठ्ठी नाही म्हणजे काम झालं, हा माझाच नियम. ते विमान घेऊन गेले, आणि उतरताना मऊ ब्रेकने धरलंच नाही, धावपट्टी संपली तरी विमान थांबलं नाही. खड्ड्यात गेलं. कॅप्टनचा पाय गेला तो कायमचा. चौकशीत वही पाहिली, ती कोरी होती. ब्रेक उशिरा दाबला असा ठपका ठेवून त्यांचा परवाना काढून घेतला. चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि मी तोंड उघडलं नाही. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

तिने कागदाची घडी घातली आणि तो मला परत दिला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"एक बोल्ट राहिला तर तू जेवायचा नाहीस, मामा," ती म्हणाली. "पाना धरायला मी तुझ्याकडून शिकले. तुझ्यासारख्यानेही चिठ्ठीची वाट धरली, तर मीही धरीन. महिनाभर वहीत लिहीन, आणि मग एक दिवस घाई असेल."

ती उठून आत गेली. पाच मिनिटांनी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मालकाला नाही म्हणून सांगून आली होती. तो म्हणाला म्हणे की विचार बदलला तर दार उघडं आहे. पुढे काय, हे मी विचारलं नाही, कारण तिलाही ते माहीत नव्हतं. तिने मला एवढंच विचारलं, "कॅप्टन कुठे असतात?"

कुठे असतात ते मला पक्कं ठाऊक होतं. आठ वर्षं मी तो रस्ता टाळत होतो.

कॅप्टन आता मोटार शिकवायच्या शाळेत आहेत. एका गाळ्यात टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, दारात दोन खरचटलेल्या गाड्या. मला पाहून ते काठी टेकत उठले. "मिस्त्री, अरे, वाट चुकलास काय?" म्हणाले, आणि हसले. ते हसणं मला सोसवेना. भिंगरी माझ्या मागे उभी होती, त्यामुळे पळताही येईना. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली, ती कुठे होती आणि कधीपासून होती ते सांगितलं.

त्यांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"आठ वर्षं," ते म्हणाले, "मला वाटतंय की ब्रेक मीच उशिरा दाबला."

"नाही, कॅप्टन," मी म्हटलं. "तुम्ही वेळेवरच दाबला होता."