पाळण्याचे पट्टे

सैराकानच्या डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा तीन बोटं जाड होता. उज्गेन गावचा चांभार दर दोन-तीन वर्षांनी त्यावर चामड्याचा आणखी एक थर चढवी. त्या बुटावर उभी राहून ती रोज तंदुरात नान थापत असे.

ओश शहरातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला होता. "खुब्याचा गोळा खोबणीत कधी बसलाच नाही, ताई. वर चढून बसलाय. खऱ्या जागी खोबण कोरून वाटी बसवू. पण पाय एकदम खाली ओढला तर नस ताणून पंजा लुळा पडेल. म्हणून मांडीच्या हाडाचा तुकडा कापून काढायचा आणि हाड पुन्हा जोडायचं." मग सहज विचारलं, "लहानपणी पाय सरळ बांधून ठेवायचे का?"

ती एक्स-रे घेऊन घरी आली. शस्त्रक्रियेला हो म्हणणं म्हणजे आपाच्या, आपल्या आईच्या, हातांकडे बोट दाखवणं. त्यालाही आता काही वर्षं झाली होती.

आज नातीला पाळण्यात घालायचं होतं. पाळणा तोच, सैराकानचा, बाळाला पट्ट्यांनी बांधून ठेवायचा. बायका चहाभोवती दाटीने बसल्या होत्या.

"सैराकान, किटली दुसरीला दे गं," शेजारीण तुर्दुखान म्हणाली. "तू चाललीस की चहाला लाटा येतात."

"तुझ्या जिभेपेक्षा माझा पाय सरळ आहे."

हशा पिकला. आपाने रिवाजाप्रमाणे बाळाला मुद्दाम उलटं, पायथ्याला डोकं करून निजवलं. "असं?"

"नाही!" बायका ओरडल्या.

तिने बाळाला फिरवलं. "असं?"

"हो!"

आपाने दोन्ही पाय जुळवून ताणले आणि पट्टा उचलला. "असं?"

"नाही," सैराकान म्हणाली.

बायका हसल्या. ती हसली नाही. "छातीवर बांध. पाय मोकळे राहू दे, आपा, बेडकासारखे फाकलेले."

"तुला बांधलं होतं. मेलीस का?"

"मेले नाही. लंगडी झाले."

आपाचा हात थांबला. "म्हणजे मी केलं?"

"तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय."

सैराकानने तिच्या मुठीतून पट्टा सोडवून घेतला. बाळाने गुडघे पोटाशी ओढले.

"हिचे पाय सोडवलेस," आपा हळूच म्हणाली. "तुझं काय आता?"

"तंदूर सुनेकडे दिला. सोमवारी ओशला जातेय, आपा. हाड कापून घ्यायला."