छपरावरची चटई

आपिसाईने गुडघ्यांवर रांगत पत्र्यावरचं सोलर पॅनेल नव्याकोऱ्या चटईने झाकलं, चारही कोपऱ्यांवर एकेक नारळ ठेवला आणि मगच समुद्राकडे पाहिलं. होडी प्रवाळाचा बांध ओलांडून आत शिरली होती. तिच्या पुढच्या टोकावरचा धिप्पाड माणूस म्हणजे त्याचा भाचा इनोके, हे इतक्या दुरूनही कळत होतं.

“माझी चटई वर कशाला?” खालून त्याच्या बायकोने, लितियाने विचारलं. केवड्याच्या पाती सोलून, वाळवून तिने ती सारा पावसाळा विणली होती.

“वाळत घातलीय.”

“वाळलेली चटई?”

“गप्प बस. भाचा येतोय.”

लितियाने ओसरी झाडायला घेतली. बहिणीच्या मुलाने मामाच्या घरातली कुठलीही वस्तू मागावी आणि मामाने ती हसत द्यावी, ही फिजीतली रीत कुणी मोडलेली तिने पाहिली नव्हती. इनोकेने आधी डुक्कर नेलं, मागच्या खेपेला जनरेटर. त्यानंतर डिझेलचं जहाज क्वचितच येऊ लागलं आणि आलं तरी भाव असे, की डब्याला हात लावण्याची कुणाची ऐपत उरली नाही. तेव्हा जनरेटर गेला ते बरंच झालं म्हणून आपिसाईने मनातल्या मनात देवाचे आभार मानले होते. पण पॅनेलची गोष्ट निराळी होती. रॉकेलच्या धुराने लितियाचे डोळे अधू झाले होते. पॅनेल आल्यापासून ती सांजवेळी पुन्हा विणू लागली होती, विणताना गुणगुणूही लागली होती.

इनोके आला तशी ओसरीवर यंगोनाची, पाहुण्यासोबत प्यायच्या मुळांच्या कडवट पेयाची, करवंटी फिरली.

“जनरेटर कसा आहे?” आपिसाईला राहवलं नाही.

“मजेत! कोंबडी त्याच्यावर अंडी उबवते. मामा, खरं सांग, डिझेल संपणार हे ठाऊक असूनच दिलास ना?”

“मी दिला? तू उचललास, लेका!”

दोघेही पोट धरून हसले. आपिसाई जरा जास्तच वेळ हसला.

सांज उतरली. लितियाने सवयीने बटण दाबलं. दिवा काजव्यासारखा लुकलुकला आणि विझला. आठवडाभर आभाळ दाटलेलं. आजचं पहिलं ऊन चटईने पिऊन टाकलं होतं. लितियाने रॉकेलचा दिवा पेटवला आणि विणकाम चेहऱ्याशी धरलं, इतकं जवळ, की ती पातींचा वास घेत असावी असं वाटावं. इनोके तिच्याकडे पाहत राहिला.

“बॅटरी म्हातारी झालीय,” आपिसाई म्हणाला.

“होणारच. मामाची आहे.”

सकाळी निघायची वेळ झाली. भाचा रिकाम्या हाताने गेला तर मामाची गावभर नाचक्की. त्याने पॅनेल मागितलं तर लितियाचा उजेड जाणार. इनोके शिडी चढू लागला, तेव्हा आपिसाईने डोळे मिटून घेतले. धप्पकन एक नारळ खाली पडला. मग दुसरा.

“मामा, ही चटई नेतो.”

“चटई?”

“आई बसेल तिच्यावर. भावाची आठवण म्हणून.”

“आणि… आणखी काही?” आपिसाईच्या तोंडून निसटलं. लितियाने त्याला करकचून चिमटा काढला.

“आणखी काय आहे वर?” इनोके खाली उतरत म्हणाला. त्याच्या खांद्यामागे पॅनेल डोळे दिपवत होतं. “मला तर काही दिसलं नाही.”

होडीपर्यंत दोघे चालत गेले. घोटाभर पाण्यात उभं राहून आपिसाईने विचारलं, “आना संध्याकाळी काय करते रे?”

“आई? लवकर जेवते. मग अंधारात तुझ्या लहानपणच्या खोड्या सांगत बसते. त्याला कुठे उजेड लागतो!”

त्या संध्याकाळी दिवा लख्ख लागला. लितियाने पातींचा नवा जुडगा सोडला आणि मांडीवर पसरला. आदल्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती.

“केवढी विणू?” तिने अखेर विचारलं.

आपिसाईने दिव्यावरून नजर छपराकडे नेली.

“लहान विण,” तो म्हणाला. “वरचं झाकेल एवढी नको.”