समुद्र गाळणाऱ्या जाळीत चीज

मित्रांनो, ज्या माणसाने माझ्यात बकरीच्या दुधाचं चीज गाळलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

मी एक जुनी रेशमी जाळी आहे. मासे धरायची नव्हे, हे आधीच सांगते. तसल्या जाळ्या आमच्या बंदरात पैशाला पासरी पडल्या आहेत. मी समुद्र गाळते. माझ्या आज्या-पणज्या गिरणीत मैदा चाळायच्या, इतकी आमच्या घराण्याची वीण बारीक. मला शिवून तोंडाला लोखंडी कडं बसवलं, शेपटाला पितळी भांडं बांधलं आणि ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात खुंटीला अडकवलं. शाळा मी पाहिलेली नाही. जे शिकले ते पाण्यातून ओढली जाताना आणि शहाण्यांची बोलणी ऐकून.

माझ्या शास्त्रज्ञ बाईंचं नाव मिर्सिनी. आम्ही दोघी सात वर्षं केंद्राने भाड्याने घेतलेल्या मानुसोसकाकांच्या होडीतून एकाच गोष्टीच्या मागे होतो. आमचा समुद्र दिसायला निळाशार, पण पोटातून उपाशी. पाण्यात नत्रच नाही, तर कुणी खावं काय? हवेत नत्र उदंड, पण ते कच्च्या तांदळासारखं; शिजवल्याशिवाय पचत नाही. मिर्सिनीचं म्हणणं, इथे काही इवले जीव आहेत, भुशाच्या काड्यांची जुडी दिसावी तसे तपकिरी. ते हवेतलं नत्र शिजवतात आणि इतरांना जेवू घालतात. मला हे लगेच पटलं. स्वयंपाक करणारं माणूस कुणाला कधी दिसतं का?

अथेन्सच्या मोठ्या बाईंना, केंद्राच्या प्रमुख डॉक्टर पोलिक्सेनींना, मात्र पटत नव्हतं. "सात वर्षं तू मला नुसतं निळं पाणी दाखवते आहेस," त्या फोनवर कडाडल्या. "ईस्टरनंतर बैठक आहे. काही सापडलं तर सांग, नाहीतर होडी दुसऱ्यांना देते."

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरोघरी ताजं चीज भरून करंज्यांसारखी कालित्सुनिया करतात. नेमकं त्याच दिवशी अर्गिरोकाकूंचं गाळायचं फडकं फाटलं, आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे मानुसोसकाकांना, मी आठवले! मला खुंटीवरून काढलं, चार किलो चीज आत ओतलं आणि चक्का टांगावा तसं लिंबाच्या झाडाला टांगलं. माझ्यासारखीला!

"बघ अर्गिरो, कसं पाणी निथळतंय! सरकारी माल आहे," काका म्हणाले.

"परत ठेवताना धुऊन ठेवा हो."

"धुतली की!"

काय धुतली! बादलीत एकदा बुचकळली आणि खुंटीला. दर फेरीनंतर मला तीन पाण्यांनी धुवायची शिस्त आहे.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी आम्ही समुद्रात गेलो. दुपारी माझ्या भांड्यातलं पाणी यंत्रात घातलं आणि नत्राचा आकडा नेहमीच्या वीसपट आला. मिर्सिनी टाळ्या पिटत नाचली. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावताच तिने अथेन्सला फोन केला. "बाई, सापडले! वीसपट!"

"मी म्हणत नव्हतो, आपल्या समुद्रात बरकत आहे?" काका छाती फुगवून म्हणाले.

मला बाहेर वाळत घातलं होतं. आधी बंदरातली काणी मांजरी आली. मग तिची बहीण. मग सहा बोके. एक तर कठड्यावर चढून माझं भांडं चाटायला लागला.

"काका, ही मांजरं का जमली?" मिर्सिनीने विचारलं.

"समुद्रातले जीव ना ते! आवडत असतील त्यांना."

"सात वर्षांत तर कधी आवडले नाहीत."

तिने भांडं नाकाशी नेलं. मग काकांकडे बघितलं. काका समुद्राकडे बघू लागले.

"काका, हिच्यात काय घातलं होतं?"

"थोडंसंच गं पोरी. ईस्टर होता ना!"

मिर्सिनी पायरीवर बसली. गप्प राहिली तर होडी राहणार होती, सात वर्षांचं कामही राहणार होतं. काकांनी तिच्या कानाशी लागून सांगितलंही, "अगं, मांजरं काही अथेन्सला सांगायला जाणार नाहीत."

पण पोरीने फोन उचलला. "बाई, ते चीज होतं."

"काय होतं?"

"चीज. बकरीचं. ईस्टरसाठीचं. त्यातलंच नत्र यंत्राने मोजलं."

पलीकडून कोरडं उत्तर आलं, "परवा बैठक आहे. त्याआधी खरा आकडा दे. असेल तो."

मिर्सिनीने मला स्वतःच्या हातांनी धुतलं, तीन नव्हे, सहा पाण्यांनी. भल्या पहाटे आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी सूक्ष्मदर्शक. तपकिरी जुड्या निघाल्या नऊ. मोजून नऊ. त्या दिवसभर बाटलीत ठेवल्या, तपासल्या, आणि ठरल्या वेळी फोन गेला.

"नऊच?"

"नऊच, बाई. पण हवेतलं नत्र शिजवताना पकडलेत."

"हं. उपाशी समुद्रात नऊ आचारी. आणखी दोन वर्षं घे." मग म्हणाल्या, "आणि त्या होडीवाल्याला सांग, चीज पाठव म्हणावं."

मित्रांनो, म्हातारीचं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात कुणी मुकाट्याने काम करत असेल, मग ती जाळी असो की आई, तर तिला भलत्या कामाला जुंपू नका, आणि काम झालं की नीट धुऊन-पुसून जागेवर ठेवा.

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी काका पुन्हा शीळ घालत आले. काखेत पातेलं. माझ्याकडे हात लांबवला, तशी मी खुंटी सोडली आणि माझं लोखंडी कडं बरोब्बर त्यांच्या अंगठ्यावर पडलं. ते एका पायावर नाचत असताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मी मोठ्याने बोलले: "मानुसोस, आपला समुद्र उपाशी आहे, पण लबाड नाही. लबाड तू आहेस, आणि तुला धड धुताही येत नाही. जा, बायकोला नवं फडकं आण!"