गार आहे, वहिनी

"बघा, बघा. डोळे भरून बघा," म्हणत मालकांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

फोटोत समुद्रापलीकडच्या बंदरावर उघडलेला कंटेनर होता. खोक्यांचे कोपरे भिजून खाली बसले होते. द्राक्षांचे देठ तपकिरी पडले होते आणि मण्यांवर बुरशीची पांढरी लव चढली होती. वहिनीने फोन जवळ ओढून पुन्हा पाहिलं.

वहिनी म्हणजे त्या कोल्ड स्टोरेजच्या दारावरची तपासनीस. तिचा धाकटा दीर तिथेच थंड खोल्यांचा इनचार्ज होता. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून हमालांपासून मालकांपर्यंत सगळेच म्हणायला लागले. एकदा मालकीणबाईंनीही तशीच हाक मारली, तेव्हा बायकांनी तिला दिवसभर चिडवलं होतं, "काय बाई, पोचलीस तू!"

काम तसं साधं, पण त्यावाचून कंटेनरचं दार लागत नसे. थंड खोलीतून माल बाहेर आला की एखादं मधलं खोकं उघडायचं, एक मणी घ्यायचा, त्यात थर्मामीटरची लांब सुई खुपसायची आणि आतून गार असेल तरच "भरा" म्हणायचं. कारण कंटेनरचं एक आहे. तो गार माल गार ठेवतो, कोमट माल गार करत बसत नाही. वरून गार लागणारं फळ आतून कोमट असलं, की तसंच बंद दाराआड समुद्र ओलांडतं, त्याला घाम फुटतो आणि पलीकडे फळाऐवजी बुरशी उतरते. हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. बारक्याला तर होतंच होतं.

बारक्या म्हणजे हा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो बिनआईचा, शेंबडा, काडीसारखा पोरगा होता. त्याला भरवून, चोपून, पाढे घोकवून घेऊन तिनेच मोठा केला. पुढे मालकांच्या हातापाया पडून इथे चिकटवला, तोही तिनेच. आता शर्टाची बटणं त्याच्या पोटावर जीव मुठीत धरून बसलेली असत, तरी घरात तो बारक्याच होता.

"हा माल कुणी तपासला?" मालकांनी विचारलं. "आतून गार होता का नव्हता?"

वहिनीने बारक्याकडे पाहिलं. तो दाराशी उभा राहून फोनमधल्या फोटोकडे टक लावून बघत होता. तिला तो दिवस लख्ख आठवत होता. माल घेऊन येणारी गाडी वाटेत अडकली होती. त्यामुळे फळ थंड खोलीत गेलं उशिरा आणि बाहेर यायला हवं होतं वेळेवर, कारण जहाज काही कुणासाठी थांबत नाही. बारक्या हात चोळत खोलीतून बाहेर आला होता. "गार आहे, वहिनी. मी स्वतः बघितलंय. आता सुई घालत बसू नकोस, दार लाव." हमाल बघत उभे होते. त्यांच्यासमोर त्याच्या मालात सुई घालायची म्हणजे, बाबा रे, तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही, असं चारचौघांत सांगायचं. ज्याला मांडीवर घेऊन भरवलं त्याला! तिचा हात आखडला. सुई खिशात गेली आणि ती म्हणाली होती, "भरा."

बोल की रे, तिने मनात म्हटलं. एवढंच सांग, की मी म्हणालो म्हणून वहिनीने दार लावलं. मालक ओरडतील, चार दिवस तोंड वाकडं करतील आणि विसरतील. तुला काढायचे नाहीत ते.

बारक्याने घसा खाकरला.

"तपासणी वहिनींकडे असते, साहेब. मी माल दारापर्यंत आणून देतो. पुढचं त्या बघतात."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणून तर ते वर्मी लागलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला अहो-जाहो केलं होतं, आणि तेही तिला परकी करायला.

"सुई घातली होती का, वहिनी?" मालकांचा आवाज जरा उतरला होता.

"नाही घातली."

"का?"

तिने पुन्हा एकदा बारक्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर तिथल्या तिथे त्याचं पितळ उघडं पडलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण ज्याचा शेंबूड पुसला त्याच्याच पोटावर पाय कसा द्यायचा, हे काही तिला जमेना.

"चुकलं," ती म्हणाली.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला काढलं नाही, चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर बसवलं. तिच्या खिशातली सुई मात्र मागून घेतली आणि बारक्याच्या हातात दिली. "दारही आता तूच सांभाळ," म्हणाले. आणि त्या पठ्ठ्याने ती घेतली!

वहिनीने त्याला थंड खोलीच्या बाहेर गाठलं.

"फळ गार नव्हतं ना रे?"

"अगं, जवळजवळ गार होतं."

"जवळजवळ?"

"जहाज चुकलं असतं वहिनी! सगळं माझ्यावर शेकलं असतं. पोरगी लहान आहे माझी. आणि तुझं काय, मालक तुला मानतात. मला वाटलं, तू सांभाळून घेशील."

"मग विचारायचं होतंस. सांभाळून घेतलं असतं मी."

पायाने फरशी घासत तो म्हणाला, "आणि समजा काढलंच असतं, तरी काय बिघडणार होतं? मी आहे ना. तुला काय उपाशी ठेवणार होतो?"

हे ऐकून तिचे कान तापले. माल नासला त्याचं दुःख होतंच, दार गेलं त्याचंही होतं. पण ह्या गड्याच्या लेखी तिची इतक्या वर्षांची नोकरी म्हणजे हौस होती, आणि तिचा शब्द म्हणजे पायपुसणं! त्याला एक ठेवून द्यावी असं तिला मनापासून वाटलं. लहान होता तेव्हा दिलीच असती.

नवऱ्याला सांगितलं तर तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "भाऊ आहे माझा. जाऊ दे ना. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमची मूठ झाकलेली आहे हो," ती म्हणाली. "हात माझा पोळलाय."

टेबलावरच्या बायकांनी सरकून तिला जागा दिली. चिठ्ठी ओली करायची, खोक्यावर दाबायची, पुढचं ओढायचं. पलीकडे दारातून बारक्याचा आवाज येई, "भरा!" तिचे हात दर वेळी थबकत. ह्याने सुई घातली असेल का? शेजारीण म्हणाली, "सोड ना आता. तुझं दार आहे का ते?" नव्हतंच. तरी त्या हाकेची सवय जाईना.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी बारक्या पोरीला कडेवर घेऊन दारात उभा राहिला. घरं शेजारीशेजारीच. सुट्टीच्या दिवशी त्याला कामावर जावं लागलं की पोर वहिनीकडे टाकायची, ही जुनी रीत. मधल्या दिवसांत ती बंद पडली होती, पण आज जाऊ बाहेर गेली होती आणि कामावरून बोलावणं आलं होतं. पोरीला दोन दिवस ताप होता.

"घे ना हिला," तो म्हणाला, जसं काही मधे घडलंच नव्हतं. "उतरलाय ताप. मी स्वतः हात लावून बघितलंय. गार आहे, वहिनी."

पोरीने आपणहून हात पुढे केले. वहिनीने तिला घेतलं, खांद्यावर डोकं टेकवून घेतलं. पोरीचं काय चुकलं होतं? मग ती फळीपाशी गेली आणि डबीतून तापाचं थर्मामीटर काढलं.

"अगं, सांगितलं ना गार आहे म्हणून!" बारक्या म्हणाला. "गाडी थांबलीय माझी."

"थांबा, भाऊजी."

तिने त्याला कधी भाऊजी म्हटलं नव्हतं. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असा तो उभा राहिला. आत ये म्हणून ती म्हणाली नाही आणि त्यालाही यायचं सुचलं नाही. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. वहिनी पोरीच्या काखेत थर्मामीटर धरून, तिच्या पाठीवर थोपटत बसून राहिली.

पुरेसा वेळ झाल्यावर तिने ते काढलं, खिडकीशी नेलं आणि उजेडात धरून नीट पाहिलं. पारा जिथे असायला हवा तिथेच होता. ह्या वेळी तो खरं बोलला होता.

"नाहीये ताप," ती म्हणाली. "या तुम्ही."

तो गेला. तिने थर्मामीटर झटकून पारा खाली उतरवला, पदराने ते पुसलं आणि डबीत ठेवून दिलं.